अंतर, शाळेपासून

एप्रिलचा शेवटचा आठवडा. घरं दाखवायला
याहून वाईट दिवस नाहीत,
पण कंपनीनं तारीख ठरवलेली असते:
जूनच्या अखेरीस शाळा, त्याआधी पत्ता.

मागच्या सीटवर पोलंडहून आलेलं कुटुंब.
मारेक, दोरोता, नऊ वर्षांची हान्या,
आणि घामेजून झोपलेला यूलेक.
"काय ऊन तापून राहिलं बाप्पा," गुणवंता गिअर टाकतो.
माझ्या मांडीवर त्यांची यादी:
शाळा वीस मिनिटांत. झाडं. शांतता.
पाणी चोवीस तास.
शेजार कसा हवा, हा रकाना
मी नेहमी शेवटी विचारते.

सिव्हिल लाइन्सचा बंगला म्हणजे नुसती सावली,
चिंच, कडुनिंब, खुर्चीत पेंगणारा चौकीदार.
सुंदर, दोरोता म्हणाली.
इथली मुलं कुठे आहेत, हान्यानं विचारलं.
अमेरिकेत, मी सांगितलं.
मारेक हसला, मग
हसता हसता थांबला.

वर्धा रोडच्या टॉवरमध्ये अठरावा मजला.
खाली निळंशार पाणी, पोहणारं कुणी नाही,
जिन्यात ताज्या रंगाचा वास.
खिडकीतून विमान उतरताना दिसलं
आणि यूलेक टक्क जागा.
"शाळेत चालत जाता येईल?"
येईल की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
बाकी आठ महिने, मॅडम,
एका सावलीतून दुसरीत पळायचं.

तिसरं घर शंकरनगरचं.
वरचा मजला, गच्चीवर जाईचा वेल,
समोरच्या मैदानात टायर पळवणारी चार पोरं.
हान्या विचारायलाही थांबली नाही.
मालकीणबाईंनी कैरीचं पन्हं दिलं,
मला बाजूला घेऊन म्हणाल्या,
"मांसमच्छी खातात का हो हे लोक?"
खातात.
"खाऊ द्या. परक्या मुलखातले बिचारे."
त्यांचं आडनाव श्चेपान्याक.
ते त्यांनी विचारलंच नाही.

"आणि तुमचं काय म्हणालात?"
प्रणोती.
"नाही, पूर्ण."

पेल्यावर बाहेरून पाणी सुटलं होतं.
नऊ वर्षांपूर्वी, याच्याच मागच्या गल्लीत,
पर्समध्ये ॲडव्हान्स, कडेवर उत्पला,
शाळा तिथून सहा मिनिटांवर.
मी पूर्ण नाव सांगितलं होतं तेव्हा.
"अगं बाई, कालच गेली की जागा."
'भाड्याने देणे आहे' ही पाटी
दिवाळीपर्यंत तिथेच होती.
रोज स्कूटीवरून जाताना वाचायचे.
कुठलं घर खरंच रिकामं आहे
हे ओळखायला मी तिथे शिकले,
आणि त्यावरच आता पोट भरते.

"मेश्राम," मी सांगितलं. पन्हं संपवलं.
त्या "हो का" म्हणाल्या आणि
पोरांवर ओरडायला गच्चीत गेल्या.

परतताना दोरोतानं विचारलं,
तुमची मुलगी कुठे शिकते?
तिथेच, जी शाळा तुम्ही बघितलीत.
जरीपटक्याहून ऑटोनं येते, अकरा पोरी एका ऑटोत.
लांब आहे?
किलोमीटरमध्ये, मी म्हणाले, सात.

त्यांनी टॉवर घेतला. विमानांमुळे.
हान्या दोन दिवस बोलली नाही म्हणे कुणाशी.
मला महिन्याचं भाडं दलालीत मिळालं,
त्यातून उत्पलाची बुटं, वह्या, ऑटोचे तीन हप्ते.

शंकरनगरचं घर अजून रिकामं आहे.
आज भंडाऱ्याहून बदली झालेलं जोडपं आलंय,
बँकेत दोघंही, मुलगा तिसरीत.
यादीत शाळा, पाणी, आणि
"शक्य असेल तर मैदान."
मी मालकीणबाईंना फोन लावते.
आडनाव आधीच सांगते,
सावकाश, एकेक अक्षर सोडवून,
परदेशी नाव सांगावं तसं:
रा म टे के.

पलीकडून कूलरचा आवाज येत राहतो.